बंद पडलेलं की बंद केलेलं

हिंगोली,
मंगळवार

प्रिय शीतल,

आज सकाळी एक माणूस तुझे राऊटर विकत न्यायला दारात आला, म्हणून हे पत्र लिहावं लागतंय. फोन करून पाहिला. तुमच्या डोंगरकड्याच्या घरात गच्चीवर गेल्याशिवाय रेंज येत नाही आणि बाळंतिणीला गच्चीवर कोणी जाऊ देत नाही. कानाला फडकं बांधून खोलीत बसलेल्या मुलीशी बोलायला आता पत्राशिवाय साधन उरलेलं नाही. रविवारी प्रमोद बाळंतविडा घेऊन येतोय, त्याच्याच हाती देते. एका बैठकीत वाचू नकोस, बाळ झोपेल तेवढं वाच. पण शेवटपर्यंत वाच. तुला पुस्तकंसुद्धा अर्ध्यात ठेवायची सवय आहे.

माणसाचं नाव भावसिंग. कनेरगाव नाक्यावर त्याचा ढाबा आहे. "पद्मा मॅडमचं घर हेच का जी? वायफायचे डबे न्यायचे हायेत," म्हणाला. मी म्हटलं, कसले डबे? त्याने फोन काढून फोटो दाखवला. आपली वरची खोली, तुझं टेबल, त्यावर तिन्ही राऊटर आणि मागे दोरीवर माझी वाळत घातलेली साडी. खाली लिहिलेलं, अर्जंट विकणे आहे. जाहिरात प्रमोदने टाकली आणि तू सांगितलंस म्हणून टाकली, एवढं मी त्याच्याकडून नंतर काढून घेतलं. बायकोने सांगितलेलं तो लगेच करतो. आईने सांगितलेल्या नळाच्या वॉशरला मात्र पोळ्यापर्यंत मुदत मागतो.

भावसिंगला वर नेलं. माणूस भला आहे, चपला जिन्याखाली काढून आला. त्याने एक राऊटर उचलला, चारी बाजूंनी फिरवला आणि विचारलं, "बाई, याचं अँटिना कुठं हाय?" मी सांगितलं, याला अँटिना नाही, हे वायफाय देत नाही. कोणती माहिती कोणत्या तारेने पुढे धाडायची ते हे ठरवतं. हे वाट दाखवतं. "मंग गिऱ्हाइकाले जेवणासंगं वाट वाढू काय?" म्हणून तो स्वतःच खदखदून हसला. मलाही हसू आलं होतं, पण त्याने लगेच पुढचं विचारलं. जुनी वस्तू घेणारा कोणीही विचारतो तेच. "हे बंद पडेल हाय का बंद करेल हाय?"

बंद पडलेलं की बंद केलेलं. मला पटकन उत्तर देता आलं नाही. चहा पाजला आणि वस्तू विकायची नाही म्हणून सांगितलं. उतरताना तो पायरीवर थांबून म्हणाला, "विकाचं नव्हतं तं फोटू काहून टाकला जी?" हा प्रश्न मी तुझ्याकडे पाठवते आहे.

आता तुला माहीत नसलेली गोष्ट. तू माहेरी गेल्यापासून तुझ्या टेबलाशी रोज मी बसते. प्रमोदला वाटतं मी वर लॅपटॉपवर मालिका बघते, आणि त्याचा तो समज मी मोडलेला नाही. सुरुवात धुळीपासून झाली. झाकणं पुसायला गेले, पुसता पुसता तू चिकटपट्टीवर लिहिलेली नावं वाचली: हिंगोली, कनेरगाव, डोंगरकडा. सासर, माहेर आणि मध्ये कनेरगाव. भूगोल साफ चुकलाय. हिंगोलीहून डोंगरकड्याला जाताना कनेरगाव वाटेत लागत नाही, उलट्या दिशेला आहे. अकरावीला असतीस तर नकाशा काढायला लावला असता. पण नावं वाचली आणि मी तिथेच खुर्ची ओढून बसले.

तुझा हा नेटवर्किंगच्या परीक्षेचा अभ्यास मला अगदीच परका होता असं नाही. परभणीला बी.एस्सी. करताना आमच्या प्रयोगशाळेत एकच ऑसिलोस्कोप होता आणि आम्हा मुलींना तो लांबून बघायला मिळायचा. पण सर्किटमधला दोष कसा शोधायचा ते तिथे पक्कं शिकले. एका टोकापासून निघायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आणि जे आपण तपासलेलं नाही ते ठीक आहे असं मानायचं नाही. कळमनुरीच्या ज्युनिअर कॉलेजात मी नोकरीभर हेच ओरडत आले, तूही तिसऱ्या बाकावरून ते ऐकलं आहेस. सून म्हणून आलीस तेव्हा मला आई म्हणायचं ठरलं. तरी दूध उतू गेलं त्या दिवशी पाहुण्यांसमोर तुझ्या तोंडून "सॉरी मॅडम"च निघालं. घाबरलीस की मी मॅडम, नाहीतर आई. हे लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

पहिल्या दिवशी तिन्ही यंत्रं सुरू केली. पंखे पिठाच्या गिरणीसारखे ओरडले, पण तारेशेजारचा एकही दिवा लागला नाही. वाटलं, उंदरांनी तारा कुरतडल्या. तारा काढल्या, पुसल्या, अदलाबदल करून लावल्या. दिवे नाहीतच. मग तुझं पुस्तक उघडून लॅपटॉप जोडला आणि यंत्राकडे त्याच्या दारांची यादी मागितली. पोर्टला मी दार म्हणते, माझ्या डोक्यात तेच बसतं. प्रत्येक दारापुढे एकच शेरा होता, अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्हली डाऊन. पुस्तक म्हणतं, नुसतं डाऊन असेल तर तार तुटली, पलीकडचं यंत्र मेलं, काहीतरी बिघडलं. हा लांबलचक शेरा असेल तर बिघडलेलं काहीच नाही, कोणीतरी हुकूम देऊन दार बंद केलं आहे. अतिवृष्टीत कलेक्टर सुट्टी जाहीर करतात तेव्हाची शाळा असते ना, तसं. इमारत धड, घंटा धड, शिपाई हजर, फक्त वरून कागद आलेला.

उघडण्याचा हुकूमसुद्धा मजेशीर आहे. सरळ 'उघड' म्हणायची सोय नाही. 'नो शटडाऊन' असं म्हणावं लागतं, बंद नको. मी एकेका दाराला बंद नको म्हणत गेले आणि एकेक हिरवा दिवा लागत गेला. खोटं कशाला सांगू, टाळ्या वाजवल्या. खालून शेजारच्या रुख्मिणीबाईंनी हाक मारून विचारलं, "मॅडम, कोनी पावनं आलंय का वरी?"

एक मात्र मला तेव्हा कळलं नाही. यंत्रं ठेवून द्यायची तर मागचं बटन दाबलं की पुरतं. दारं एकेक करून हुकमाने बंद करायची, आणि वर तो हुकूम जतन करायचा, म्हणजे कोणी पुन्हा बटन दाबलं तरी दारं बंदच राहावीत, एवढा खटाटोप कोण कशाला करेल? परीक्षेच्या सरावातला काही प्रकार असेल असं समजून मी पुढे गेले.

पुढे अडले ते शेजाऱ्यांपाशी. ही यंत्रं शेजारच्या यंत्राला ठरावीक वेळाने हॅलो म्हणतात, दोघांचा गुपित शब्द जुळला की एकमेकांना शेजारी मानतात आणि मग आपल्याला ठाऊक असलेल्या वाटा एकमेकांना सांगतात. चांगली पद्धत आहे, आपल्या गल्लीत गुपित शब्दाशिवायही सगळं सांगतात. तुझं हिंगोली आणि तुझं कनेरगाव काही केल्या एकमेकांना शेजारी मानेनात. तार ठीक, दिवा हिरवा, आकडे बरोबर. तू बघायचीस त्या हिंदी व्हिडिओतला मुलगा "तो दोस्तों" म्हणत जे जे तपासायला सांगतो ते सगळं तपासलं. शेवटी दोन्हीकडचे गुपित शब्द कागदावर एकाखाली एक उतरवले. शब्द तू गावाच्या नावावरूनच घेतलेला. एकीकडे कनेरगावच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एच आहे, दुसरीकडे नाही! आपल्याकडे प्रत्येक घरात गावाचं स्पेलिंग वेगळं, पण एकाच मुलीने एकाच टेबलावर दोन करावीत? अकरावीच्या प्रवेशअर्जात तू डोंगरकड्याचं स्पेलिंग एक लिहिलं होतंस आणि ओळखपत्राच्या अर्जात दुसरं, तेव्हा मी तुला वर्गात उभं केलं होतं. खोड तीच आहे. परीक्षेत यंत्र तुला उभं करणार नाही, नुसतं गप्प बसेल, आणि ते जास्त वाईट. मी एच काढून टाकला. लगेच शेजार जुळला.

मधेच घरचं सांगते, नाहीतर म्हणशील सासू यंत्रांचंच लिहिते. तुझ्या कढीपत्त्याला नवी पानं आली आहेत. प्रमोद तिकडे आला की तुला सांगतो की तो स्वयंपाक करतो, तो खिचडी करतो. बाळाचा फोटो पाहिला. कपाळ माझ्यावर गेलंय असं सगळे म्हणतात, मला तसं दिसत नाही. नाक मात्र तुझ्या आईचं, नर्मदाबाईंचं आहे, आणि ते चांगलं झालं. नामकरणाला मी दोन दिवस आधी येईन. नाव तू ठरव. प्रमोदने सुचवलेली तिन्ही नावं एका मालिकेतली आहेत एवढं सांगून ठेवते. तुझ्या इंटरनेट कंपनीच्या ऑफिसातही जाऊन आले. तुझ्या जागी तक्रारींचे फोन घ्यायला एक नवीन मुलगी बसली आहे, "कोणता दिवा लागलाय सांगा, लाल का हिरवा" एवढंच दिवसभर विचारते. तू दोन वर्षं तेच केलंस. यंत्रांकडची जागा रिकामी आहे. परीक्षा पास झालीस तर ती तुझी, आणि डिसेंबरपर्यंत तिथे दुसरं कोणी बसणार नाही, हे साहेबांच्या तोंडून समोर बसून ऐकलं. त्यांनी मला ओळखलं नाही, पण त्यांच्या मेहुण्याला मी शिकवलंय हे मी त्यांना ओळख करून देताना सांगितलं. नंतर चहा चांगल्या कपातून आला.

तर तिसरा दोष. शेजार जुळला, वाटा सांगून झाल्या, आता हिंगोलीहून थेट डोंगरकड्याला पिंग करून पाहिलं. पिंग म्हणजे हाक. इकडून हाक जाते, तिकडून ओ आली की रस्ता धड. पडद्यावर पाच ठिपके उमटले. पाच हाका, एकही ओ नाही. मी लॅपटॉप काढून डोंगरकड्याच्या यंत्राला जोडला आणि पाहत बसले. हाका तिथवर पोहोचत होत्या. ते यंत्र ओ देतही होतं. ओ परतीच्या वाटेवर कुठेतरी हरवत होती. यावरून भलतं काही काढू नकोस, मी यंत्रांबद्दल लिहिते आहे.

हा दोष मला फार दिवस पुरला. तू जाण्याआधी याच्याशीच झटत होतीस, हे मला तेव्हाच कळलं. जेवताना तुझं लक्ष नसायचं, "माझं डोकंच चालेना झालंय" म्हणायचीस, आणि घरातले सगळे म्हणायचे, सातव्या महिन्यात असंच होतं. डोकं चालत होतं, दोष अवघड होता. मी चार वेळा सोडून दिला आणि दर वेळी सकाळी भाजी चिरताना काहीतरी सुचून विळी तशीच टाकून वर गेले. गेल्या आठवड्यात सापडला. हाक मारली आणि पडद्यावर पाच उद्गारचिन्हं आली, हे यंत्र ओ मिळाली की तसंच लिहितं. मला आयुष्यात कोणी एकदम पाच उद्गारचिन्हं दिलेली नव्हती. निरोपसमारंभातल्या मानपत्रातसुद्धा एकच होतं. बराच वेळ बघत बसले.

हे सगळं तुला परत आल्यावर सांगायचं ठरवलं होतं. पण भावसिंग गेला आणि त्याचा प्रश्न घरात राहिला. जी मुलगी सातव्या महिन्यात दोषाशी झटत होती ती बाळ महिन्याचं व्हायच्या आत यंत्रं विकायला का काढते? थकली, मन उडालं, बाळात रमली, असं प्रमोद म्हणतो. म्हणजे त्याच्या मते तुझं बंद पडलं. मला ते पटेना. मी तुझ्या आईला फोन लावला. त्या नेमक्या गच्चीवर होत्या, धोतरं-दुपटी वाळत घालत, म्हणून लागला. मी विचारलं, शीतलने अभ्यास का सोडला? त्या म्हणाल्या, "आता तुमीच इचारून राहिल्या का, इहीनबाई? गाडीत बसायच्या टायमाला तुमीच तं म्हनल्या तिला, ते समदं आता बंद कर म्हून. पोरगी कळमनुरी येईस्तोवर रडत व्हती. मी म्हनलं, मॅडमचं म्हननं हाय, बराबरच आसंल."

फोन ठेवला आणि मी वर जाऊन टेबलाशी बसले. तो दिवस आठवून पाहिला. गाडी दारात उभी, तुझी पिशवी आत, नर्मदाबाई बसलेल्या, आणि वरच्या खोलीतून त्या पंख्यांचा आवाज खालपर्यंत येत होता. एप्रिलचं ऊन, खोलीची खिडकी बंद. मी म्हणाले, "ते सगळं आता बंद कर." मी पंख्यांबद्दल म्हणाले, शीतल. विजेच्या बटनाबद्दल. तू वर गेलीस आणि लवकर आलीच नाहीस. गाडीवाला हॉर्न वाजवत होता आणि मी मनात म्हणत होते, बटन दाबायला एवढा वेळ? उतरलीस तेव्हा डोळे लाल होते. माहेरी जाताना होतात, असं मी धरून चालले. जे तपासलं नाही ते ठीक आहे असं मी मानलं, आणि तेही इतकी वर्षं वर्गात उलटं सांगून. आज कळलं तू वर काय करत होतीस. एकेका दाराला हुकूम देत होतीस, आणि जतन करत होतीस.

हुकूम आईचा असता तर तू तोंड वर करून विचारलं असतंस, आई, काय बंद करू? तुला तो मॅडमचा वाटला. तेव्हा भावसिंगला जे उत्तर देता आलं नाही ते तुला देते. बंद पडलेलं काही नाही. बंद केलेलं आहे, आणि माझ्या नावाने बंद केलेलं आहे. ज्याच्या नावाने हुकूम निघतो त्यानेच तो मागे घ्यायचा असतो. हे पत्र त्यासाठी आहे. बंद नको. नोव्हेंबरच्या तारखेला नांदेडला परीक्षा, मी बरोबर येणार, परीक्षेपुरतं बाळ केंद्राबाहेर माझ्या मांडीवर राहील. ते रडेल. बाळं रडतात. त्यासाठी तू बाहेर यायचं नाहीस. आणि यंत्रं खोक्यात घालून प्रमोदबरोबर पाठवते आहे, सव्वा महिना होईपर्यंत ते खोकं उघडायचं नाही, यंत्रं चालतील तेव्हा ती शेजारच्या खोलीत, बाळापासून लांब. हेही हुकूमच आहेत, पण या वेळी वाक्यं पूर्ण आहेत. राहता राहिला तिसरा दोष. दारं मी उघडी ठेवली आहेत आणि स्पेलिंग दुरुस्त केलं आहे. तिसरा दोष मात्र पाच उद्गारचिन्हं पाहून झाल्यावर, होता तसा परत घातला आणि जतन केला. तुझा आहे, तूच काढायचा. कुठे आहे ते मी सांगणार नाही, प्रमोदला विचारू नकोस, त्याला मालिकाच माहीत आहेत. सापडला की फोन करू नकोस, लागत नाही. त्यानंतरच्या रविवारी प्रमोद येईल, त्याच्या हाती एक चिठ्ठी दे. त्यावर पाच उद्गारचिन्हं काढ, बाकी एक अक्षर नको. मला पोहोचेल.

तुझीच,
आई
(आणि शेवटच्या परिच्छेदापुरती मॅडम)

प्रमोदच्या हाती दिलेलं सामान, नर्मदाबाईंसमोर उतरवून घे: डिंकाच्या लाडवांचा डबा, झाकण घट्ट आहे. खारीक-खोबऱ्याची पुडी. बाळाची झबली आणि टोपडी, पिवळं टोपडं मी विणलंय, सैल झालं तर हसू नये. तुझ्यासाठी सुती साडी. राऊटर तीन, नावांच्या चिकटपट्ट्यांसह. तारा, आणि लॅपटॉप जोडायची निळी तार वेगळ्या पिशवीत. पुस्तक, मी खुणेला घातलेली मोरपिसं तशीच राहू दे. लॅपटॉप. दोष एक, जसा होता तसा.